जाण

वहीच्या सतराव्या पानावर एकच शब्द आहे: पाणी. वर मार्चमधली तारीख आणि बाकी पान कोरं. त्या रात्री अकरा वाजून गेले होते. दिवसभरात चांगलं काय घडलं ते आठवायचा मी बराच वेळ प्रयत्न केला होता आणि उशाशी तांब्या होता. म्हणून पाणी लिहिलं आणि दिवा मालवला.

बाबांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. झोप उडाली होती. रात्री दोन-अडीचला डोळे उघडायचे ते पहिल्या गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत मिटायचे नाहीत. बँकेत आकडे चुकायला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासून घ्यायला लावलं आणि मग म्हणाल्या, एक वही करा. रोज झोपताना तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा.

मी बँकेत पंचवीस वर्षं काढलेली बाई. नुसतं ‘करा’ म्हटलं की माझं समाधान होत नाही, आधार काय ते लागतं. तो त्यांनी दिला. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलफ या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटावं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने मनस्ताप देणाऱ्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवडे हे चाललं. पहिल्या गटातल्या मुलांना आयुष्य एकंदरीत बरं वाटू लागलं, पुढच्या आठवड्याबद्दल आशा वाटू लागली, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारीही कमी झाल्या. त्याच अभ्यासाच्या आणखी एका भागात मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेली माणसं होती. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं आणि त्यांची झोप सुधारली. झोप म्हटल्यावर मी वही घेतली.

फरक पडला, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिले दोन आठवडे मी रात्रीची वाट बघायचे. ठाण्यात आमच्या कचराळी तलावावर फेऱ्या मारून बाकाशी आले तर तिथल्या आजोबांनी न सांगता सरकून जागा दिली. संध्याकाळच्या गाडीत कुर्ल्यालाच बसायला मिळालं. आईने पिठलं-भाकरी केली. लिहिताना ती गोष्ट परत एकदा घडायची आणि डोळा लागायचा. पहाटेपर्यंत नाही, पण चारपर्यंत तरी.

मग हळूहळू वहीची किराणा मालाची यादी झाली. आई, घर, चहा, नोकरी. आई, चहा, पाऊस नाही तरी ढग. एका रविवारी मागची पानं चाळली तेव्हा जाणवलं की प्रत्येक ओळ माझ्यापाशी येऊन संपते आहे. मला जागा मिळाली, मला भाकरी मिळाली. देणारा कुठेच नव्हता. सगळं जणू आपोआप माझ्या ओंजळीत पडत होतं.

आईने ती वही टेबलावर पडलेली पाहिली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, चष्मा पुसून पुसून तिने दोन पानं वाचली.

“हे काय लिहितेस?”

“दिवसभरात ज्याबद्दल कृतज्ञ वाटलं ते.”

“कोणाबद्दल?”

“कोणाबद्दल म्हणजे?”

“पिठलं-भाकरी लिहिलंयस. ज्वारी कुठली होती, ठाऊक आहे?”

नव्हतं. ज्वारी मंगळवेढ्याची होती. माझा मामेभाऊ दर वर्षी सुगी झाली की अर्धं पोतं एसटीत टाकून पाठवतो आणि आई ते खोपट स्टँडवरून रिक्षाने आणवते. माझ्याच घरात हे वीस वर्षं चाललं आहे.

“त्याला फोन करून थँक्यू म्हणते,” मी म्हटलं.

“थँक्यू नको म्हणू,” आई म्हणाली. “त्याला वाटेल आपण हिशेब मिटवला. पाऊस कसा झाला विचार. जाण ठेवली म्हणजे झालं.”

आमच्या घरात थँक्यू, आभारी आहे असं कोणी कोणाला म्हणत नसे. आभार शब्दात भार आहे, तो सभेच्या शेवटी मानायचा आणि उतरवून टाकायचा. घरात बोलायचे ते शब्द वेगळे. ‘आत्याने तुला शिकवलं, विसरू नकोस.’ ‘आईबापाचे पांग फिटत नाहीत.’ ‘त्याला जाण आहे हो.’ एखाद्याला जाण नाही असं आजी म्हणाली की त्याच्याबद्दल त्याहून वाईट बोलायचं काही उरत नसे. त्या रात्री मी कृतज्ञता हा रोज लिहीत असलेला जड शब्द सुटा करून पाहिला. कृत म्हणजे केलेलं. ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणीतरी आपल्यासाठी काही केलं हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. संस्कृत शब्दाचा अर्थ आणि आजीच्या तोंडचा शब्द एकाच जागी येऊन थांबले होते. वाटण्याच्या आधी ठाऊक असणं आहे. मी मात्र सहा आठवडे नुसतं वाटून घेत होते.

इथे मला बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहायला हवं. ते एकोणीस दिवस रुग्णालयात होते. रात्रपाळीला एक आयाबाई असायच्या. कूस बदलणं, अंग पुसणं, बेडपॅन, ओली झालेली चादर, सगळं त्या बघायच्या. आम्ही दोघी बहिणी होतो, पण मुलींकडून हे करून घ्यायला बाबा संकोचायचे आणि त्या बाईंनी तो संकोच पहिल्याच रात्री घालवला. “माझा बाप पण असाच लाजायचा आजोबा,” म्हणाल्या आणि बोलता बोलता काम उरकलं. बाबांनी त्यांना नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. तिसऱ्या दिवसापासून ते त्यांना नावाने हाक मारत होते. त्यांची मुलगी बारावीला आहे, गणिताला घाबरते, हे बाबांना माहीत होतं. एका रात्री धाप लागलेली असताना ते मला म्हणाले, “हिच्या लेकीला आपली गणिताची पुस्तकं दे.” मी हो म्हटलं.

ते नाव त्या एकोणीस दिवसांत माझ्या कानांवर शंभरदा तरी पडलं असेल. मला आठवत नाही. महिन्याभराने पुस्तकांची पिशवी घेऊन मी तिथे गेले तर त्या नव्हत्या, सफाईचं आणि आयांचं कंत्राट बदललं होतं. काउंटरवरच्या मुलीने आपुलकीने विचारलं, “नाव काय त्यांचं? शोधते मी.” मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. ती पिशवी अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहे.

नावं लक्षात न राहण्याचा विचार मी नंतर खूप केला. ठाण्यात वाढलेल्या पोराला एक तारीख तोंडपाठ असते: १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. गाडीला तीन इंजिनं होती आणि त्यांची नावं आम्ही शाळेत तालात म्हणायचो: साहिब, सिंध, सुलतान. ज्यांनी ती वाट खणली, दलदलीत भराव टाकला, खडी वाहिली, रूळ अंथरले, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आमच्या धड्यात नव्हतं. त्या रुळांवरून मी पंचवीस वर्षं कामाला जाते आहे. इंजिनांची नावं मला झोपेतून उठवून विचारली तरी येतील.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पाण्याचा शटडाऊन होता. सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ. नोटीस दोन दिवस आधीच लिफ्टमध्ये लागली होती, तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपासून आरडाओरडा सुरू झाला. संध्याकाळी मी स्वतः बादलीतलं पाणी मगाने मोजत चिडचिड करत होते. शनिवारी जांभळी नाक्याला गेले. तिथे रस्त्याच्या कडेला एक बाई बसते, तिच्याकडून मी सहा-सात वर्षं घेत आले आहे. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या. शेवळं घेतली की सोबत काकडं न मागता घालते, ती घातली नाहीत तर भाजीने घसा खाजतो. तिच्याकडे करवंदं घेता घेता मी म्हटलं, “काल दिवसभर पाणी नव्हतं, जीव नकोसा झाला.”

तिने द्रोण भरता भरता विचारलं, “तुमचं पाणी कुठून येतं ताई?”

“भातसाचं असेल.”

“मग आमच्याकडचंच,” ती म्हणाली. “आमच्या पाड्याच्या वरच्या टेकाडावरून धरण दिसतं. प्यायला टँकर येतो. येतो कधी, नाय कधी.”

आवाजात राग नव्हता. ओळखीच्या दोन माणसांचं गाव एकच निघावं तसं तिने ते सांगितलं. तिचं नाव मी त्या दिवशी विचारलं. इथे लिहीत नाही, कारण लिहू का हे तिला विचारलेलं नाही.

घरी येऊन मी वहीचं सतरावं पान काढलं आणि ‘पाणी’च्या पुढे भरायला सुरुवात केली. आधी आमच्या पंपवाल्या काकांकडे गेले. ते साडेचारला उठतात, कारण पाच वाजता खालच्या टाकीत पाणी येतं आणि आमची गच्चीवरची टाकी भरून मगच त्यांना चहा घ्यायला फुरसत होते. माझा सहाचा चहा त्यांच्या चहाच्या आधी होतो. त्यांनी चावीवाल्याची गाठ घालून दिली. महापालिकेचे हे गृहस्थ लांब दांड्याची चावी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात, झाकण उचलायचं, आत चावी घालायची, इतके आटे इकडे, इतके तिकडे. एका भागाचं सोडायचं म्हणजे दुसऱ्याचं बंद करायचं. “चार मिनिटं उशीर झाला तरी लोक फोन करतात,” ते म्हणाले. “वेळेवर सोडलं म्हणून आजपर्यंत कोणी फोन नाही केला.”

ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येतं. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. स्टेम हे नाव मी पाटीवर शेकडो वेळा वाचलं आहे, शहाड आणि टेमघरची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे हे आता कळलं. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात. आपल्या महापालिकेच्या योजनेचं पाणी भातसा नदीवर पिसे इथून उचललं जातं आणि त्या नदीवरचं धरण शहापूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात तानसाही आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं. या धरणांसाठी लोकांच्या जमिनी गेल्या, गावं उठली. आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर जातात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण मी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत वाचली होती. मथळा वाचून पान उलटायची सवय असते.

पुढच्या रविवारी मी तिच्या गावाला गेले. तिनेच बोलावलं होतं, “या एकदा, करवंदाच्या जाळ्या दाखवते.” ठाण्याहून आसनगावची लोकल घेतली. शहाड आलं तेव्हा पहिल्यांदाच खिडकीतून वाकून नदी बघितली. खडवलीला सुट्टीची पोरंटोरं नदीवर डुंबायला उतरली, ती भातसाच. आसनगावहून भरगच्च रिक्षा, मग एक जीप, मग वीस मिनिटं चाल. ऊन असं की पाऊलवाटेची माती पिठासारखी उडत होती.

पाड्याच्या खालच्या अंगाला विहीर आहे. टँकर आला की पाणी त्या विहिरीतच सोडतात आणि मग बाया चारी बाजूंनी पोहरे टाकून ओढून घेतात. दोर घासून घासून काठाच्या दगडात बोटभर खोल खाचा पडल्या आहेत. मी पोचले तेव्हा टँकर येऊन दोन दिवस झाले होते. तळाशी गढूळ पाणी आणि त्यात वाकून वाटीने हंडा भरणारी एक मुलगी, नववी-दहावीची असेल. मी वरून बघत होते. तिने वर बघितलं आणि हसली.

मग करवंदंवालीच्या घरात गेले. शेणाने सारवलेली जमीन, बाहेरच्या झळांनंतर एकदम गार. तिने चटई टाकली आणि मी टेकते न टेकते तोच पितळेचा तांब्या पुढे केला, सोबत गुळाचा खडा. तांब्या काठोकाठ भरलेला होता. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी देतात, मीही जन्मभर देत आले आहे, नळाखाली धरायचं आणि द्यायचं. कोपऱ्यात तीन हंडे होते. दोन पालथे घातलेले.

मी म्हटलं, “अर्धंच दे.”

ती म्हणाली, “उन्हातून आलात ना.”

मी ते सगळं प्याले. एक थेंब ठेवला नाही. परत करणं तिच्या घरात चाललं नसतं, आणि ते बरोबरही झालं नसतं. गूळ जिभेवर विरघळत असताना मी खाली सारवणाकडे बघत राहिले. त्या गारव्यात मला बाबांची खूप आठवण आली. ते असते तर त्यांनी विहीर किती हात खोल आहे ते विचारलं असतं, कोणी खोदली ते विचारलं असतं. म्हणून मी विचारलं. तिच्या आजेसासऱ्याने आणि त्याच्या भावांनी खोदली होती, धरणाच्या आधी. मग ती पुष्कळ बोलली. मी ऐकत होते.

परतीच्या गाडीत वही उघडली, पण लिहिता येईना. त्या तांब्याबद्दल ‘आज मला पाणी मिळालं’ असं लिहिणं मला अशक्य झालं. माझ्या ओळखीतले कितीतरी भले लोक दुःखी माणसाला सांगतात, आपल्याहून वाईट परिस्थितीत असलेल्यांकडे बघ, म्हणजे आपल्याकडे काय आहे ते कळेल. बाबा गेल्यावर मलाही सांगितलं गेलं. तो सल्ला मला तेव्हा टोचला होता आणि आता त्याचं कारण कळलं. त्या हिशेबात विहिरीच्या तळाशी वाकलेली मुलगी माझं मन रमवायला तिथे उभी असते. तिची तहान माझ्या समाधानाला लागलेली असते. अशी कृतज्ञता मला नको. नळ सोडल्यावर आता बरं वाटतं, हे खरं आहे, आणि त्या बरं वाटण्यात एक कुसळ रुतलेलं असतं, तेही खरं आहे. कुसळ काढायचा मी प्रयत्न करत नाही.

समुपदेशक बाईंना मी हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “लिहीत राहा, पण तुम्हाला हवं तसं लिहा.” आता मी रोज तीन गोष्टी लिहीत नाही. एक लिहिते आणि ती कोणाच्या हातून आली ते शोधून लिहिते. कधी त्याला चार दिवस लागतात. झोपेचं विचाराल तर पाचपर्यंत लागते.

सोसायटीच्या सभेत मी गच्चीच्या टाकीचा विषय काढला. ती रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं भरून वाहायची, तो आवाज आम्हा सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की पाऊस पडल्यासारखं वाटायचं. बॉलकॉक बदलायला फार खर्च आला नाही. पंपवाल्या काकांनी तो स्वतः उभं राहून बसवून घेतला. चावीवाल्या गृहस्थांना मी एकदा सकाळी फोन केला, पाणी वेळेवर आलं एवढं सांगायला. ते आधी घाबरले, काय तक्रार आहे म्हणून. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मामेभावाला फोन केला, पाऊस विचारला. तो तासभर बोलला, मालदांडीच्या कणसापासून मुलाच्या सोयरिकीपर्यंत. गेल्या वीस वर्षांत आम्ही मिळून तेवढं बोललो नव्हतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस धरून पडला. शनिवारी जांभळी नाक्याला गेले तर ती निळ्या प्लास्टिकखाली बसली होती, समोर शेवळ्यांच्या जुड्या, बाजूला पिशवीत काकडं. मी छत्री मिटून तिच्यासमोर उकिडवी बसले. मागे कोणीतरी भाव विचारत होतं, तिने त्याला हाताने थांबवलं.

“विहिरीला पाणी आलं?” मी विचारलं.

तिने ओल्या हाताने पदर मागे सारला आणि बसल्या बसल्याच तळवा आडवा धरून कमरेपाशी नेला, मग जरा वर, छातीपाशी.

“इथवर,” म्हणाली.